जुळ्या लॅपटॉपच्या चिठ्ठ्या

डोंबिवलीत तापलेले लॅपटॉप थंड करणारा माझ्याएवढा जुना माणूस दुसरा नाही. म्हणजे थंड करते माझी पुतणी प्राजक्ता. मी स्टुलावर बसतो आणि गिऱ्हाइकांची खेचतो. शिक्षण सातवी, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. पण दुकानात बसलं की किस्से साठतात, लॅपटॉपच्या पंख्यात धूळ साठते तसे. बाहेरून काही दिसत नाही. उघडलं की पुंजका निघतो.

*

शहाडला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. ते बंद झालं आणि प्राजक्ताने मला इथे बसवलं. पहिल्याच आठवड्यात ती एकाला समजावत होती, गेमिंग लॅपटॉप फार तापला की आपला वेग आपणच कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. उपाय काय, तर अंडरव्होल्टिंग. प्रोसेसरला जाणारं व्होल्टेज किंचित कमी करायचं.

मी म्हटलं, हे तर आपलंच काम! ती बाहेर गेलेली, तेवढ्यात घरून माझा जुना डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचा डबा, आणला, भिंतीतलं दोनशे तीस व्होल्ट फिरवून दीडशेवर आणलं, त्याला लॅपटॉप लावला आणि ऐटीत बसलो.

ती आली. लॅपटॉप होता तेवढाच गरम, वर अ‍ॅडॅप्टरही तापलेला.

"काका, बाहेरून कमी दिलंत की अ‍ॅडॅप्टर जास्त करंट ओढणार. असं केल्यावर मोटरचं काय होतं?"

जळते. चाळीस वर्षं मीच हे लोकांना सांगत आलेलो.

*

टिटवाळ्याचा निलेश इमारत उभी राहायच्या आधीच तिचा व्हिडिओ बनवतो. रिकाम्या माळावर बाग, तलाव, बाल्कनीत हसणारं कुटुंब. आठ महिने त्याला नोकरी नव्हती. ठाण्याच्या एका ऑफिसने बोलावलेलं, पण अट अशी की त्यांच्यासमोर बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर काम करून दाखवायचं. आणि त्याचा लॅपटॉप दहा मिनिटांत तापून रांगायला लागायचा.

प्राजक्ताला गुरुवारपर्यंत सवड नव्हती. मी गंभीर चेहरा करून त्याला सांगितलं, तोवर माठाला चिकटवून ठेव, मातीचा गारवा लागतो.

गुरुवारी तो आला. "काका, लॅपटॉप तसाच आहे. माठातलं पाणी कोमट झालं. आई विचारतेय, हे डोकं कोणाचं?"

मी प्राजक्ताकडे बोट दाखवलं.

*

तिची कामाची पद्धत म्हणजे सोशिकपणाची परीक्षा. व्होल्टचे हजार भाग करायचे. त्यातले पाच कमी करायचे, लॅपटॉपला अर्धा तास राबवायचं, टिकला तर अजून पाच. कुठेतरी तो मान टाकतो. मग तिथून मागे यायचं, पुन्हा राबवायचं आणि जो आकडा टिकेल तो वहीत लिहायचा. ही सगळी चाचणी तात्पुरती. पक्का आकडा ती मशीन परत देण्याआधी, वहीत बघून टाकते.

त्या आठवड्यात निलेशच्या लॅपटॉपसारखाच दुसरा आलेला. कंपनी तीच, मॉडेल तेच, रंग तोच. ओळख फक्त झाकणावरच्या नावाच्या चिठ्ठीची. दुसरा पंच्याण्णव कमी करूनही ठणठणीत. निलेशचा पासष्टच्या पुढे जाईना.

मी म्हटलं, "जुळ्यांतला एक मठ्ठ निघाला."

"मठ्ठ नाही, काका. त्याला तेवढं लागतं. प्रत्येक चिपचा आकडा वेगळा असतो."

हे मी ऐकलं. समजलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली, तेव्हा मी दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. सवयच आहे माझी. कधी तिचे स्क्रू ड्रायव्हर लपवतो, कधी चष्म्याचं घर. ती पाच मिनिटांत ओळखते, "काका, बास" म्हणते, आणि माझा दिवस चांगला जातो.

त्या दिवशी तिने ओळखलं नाही. घाईत होती. चिठ्ठी वाचली, वही बघितली, आकडे टाकले. मी तोंडावर वर्तमानपत्र धरून हसत होतो. संध्याकाळी निलेश यायच्या आत चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या. ज्याचा लॅपटॉप त्याला मिळाला. माझ्या हिशेबी खेळ संपला.

"ताई, सोमवारी ठाणं," निलेश म्हणाला.

"बिनधास्त जा," प्राजक्ता म्हणाली.

*

मंगळवारी तो परत आला. घरी छोटी कामं नीट झालेली. ठाण्याला चार माणसांसमोर बसला आणि दहाव्या मिनिटाला स्क्रीन निळी. पुन्हा चालू केला, पुन्हा निळी. त्यांनी चहा दिला आणि कळवतो म्हणाले. हे सगळं त्याने कोणाला दोष न देता सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

प्राजक्ताने लॅपटॉप उघडला. आत पंच्याण्णव. वहीत पासष्ट. तेव्हा कुठे मला समजलं, चिठ्ठ्या मी परत लावल्या, आकडे तसेच राहिले.

ती उठून उभी राहिली. "निलेश, चूक माझी आहे."

"असू दे, ताई," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला, आमच्याकडे पाठ करून.

ती वही मागे मागे चाळायला लागली. महिन्याभराची सगळी मशीनं परत बोलवते म्हणाली. "माझा हातच चुकायला लागला असेल तर?" म्हणाली. एकेका आकड्यावर बोट ठेवून तोच आकडा तीनतीनदा वाचत होती. एरवी ही पोर वहीतला आकडा एकदाच बघते.

मी स्टुलावरून उतरलो.

"प्राजू, तुझा हात चुकला नाही. चिठ्ठ्या मी बदललेल्या. गंमत म्हणून."

तिने वही मिटली. माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर पायरीकडे.

"त्याला सांगा. तो हसला तर मला हाक मारा, मीही हसेन."