सहाव्या स्लॅबवरची सही

शेलूला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची साइट होती. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, लोधिवलीच्या शेतकरी घरातली मुलगी. रोज सकाळी स्कूटीवरून चौक, कर्जत, नेरळ करत साइटवर पोहोचायचे. प्रत्येक स्लॅब टाकून झाला की तपासणीच्या अहवालावर माझी सही लागायची. त्या अहवालावर प्रमाणपत्र निघायचं, आणि मगच आमच्या बिल्डर शेठना प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढता यायचे.

पाच स्लॅब नीट टाकून झाले. नंतर आमच्याकडे यायचं लोखंड शेठच्या खालापूरच्या बंगल्यांच्या साइटवर उतरायला लागलं. आमचे सेंट्रिंगवाले बसून कंटाळले आणि निघून गेले. अशात एका दुपारी शेठनी सहाव्या स्लॅबचा अहवाल माझ्यापुढे ठेवला.

"शेठ, अजून स्लॅबखालच्या साच्याचं प्लायसुद्धा मारलेलं नाहीये."

"अगं, आठ दिवसांत टाकतोच आहोत. कागद आधी जातो, एवढंच. तुझा पगारही त्यातूनच निघणार आहे."

मी सही केली. कुणी धमकावलं नव्हतं, दारही लावून घेतलं नव्हतं. वाद घालायचा कंटाळा आला आणि सही केली, हे खरं कारण. आठ दिवस गेले, महिना गेला, वर कुणी चढलं नाही.

सहाव्या मजल्यावर घर घेतलेल्या एक निवृत्त नर्स होत्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे, मीही. दर रविवारी लोकलने यायच्या, वॉचमनच्या खुर्चीवर बसून घर किती वर आलं ते बघायच्या. एकदा मात्र त्या बुधवारीच आल्या. हातात शेठच्या ऑफिसचं पत्र, सहाव्या स्लॅबचा हप्ता मागणारं, आणि सोबत माझ्या अहवालाची झेरॉक्स. रस्त्यावर उभं राहून त्यांनी बोटाने मजले मोजले. परत मोजले.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं," त्या म्हणाल्या. "मला नीट दिसत नसेल. तू मोज गं जरा."

मी मोठ्याने मोजले. पाचला थांबले.

"आणि ही सही कुणाची?"

"माझी."

"वर जाऊन बघितलं नव्हतंस?"

"बघितलं होतं, सिस्टर."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि स्टेशनकडे चालायला लागल्या.

पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली, पण घरात बसवेना. चौकच्या बाजारात जायचे आणि काही न घेता परत यायचे. जेवताना मधेच उठायचे. सिस्टरनी घरखरेदीदारांच्या प्राधिकरणाकडे तक्रार केल्याचं वॉचमनने कळवलं. शेठचं उत्तर असं होतं की स्लॅब झाला आहे, हा बघा अहवाल. म्हणजे त्यांचा सगळा बचाव माझ्या सहीवर उभा होता.

मी आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती.

"मंग जाऊन सांग ना त्या बाईला."

"माझ्यावरच केस होईल."

"होईल. पर तुझं हे येरझारा घालनं मला बघवत नाय गं. एकदाची जा."

बदलापूरला सिस्टर भाड्याच्या खोलीत राहायच्या. माझ्याकडे राहिलेली मोजमापाची वही आणि लोखंड खालापूरला उतरल्याच्या गेटवरच्या पावत्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या बराच वेळ चाळत राहिल्या. मग विचारलं, "सुनावणी मोबाइलवर आहे. येशील?"

सुनावणीच्या दिवशी त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. माझा नंबर यायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात मी चारदा गॅलरीत जाऊन आले. शेवटी शेठच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटा अहवाल दिला, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही. शेठनी सांगितलं, आणि मी सही केली."

पडद्यावरच्या एका चौकटीत शेठ दिसत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे बघत होते की नाही, ते फोनवर कळत नाही.

निकाल सिस्टरच्या बाजूने लागला. पैसे व्याजासकट परत द्यावेत, ते दुसऱ्या प्रकल्पात वळवल्याचं दिसतं, असं त्यात होतं. शेठ पैसे देईनात, तेव्हा वसुलीचा कागद निघाला. बंगल्यांची जमीन खालापूरची, म्हणून तो तिथल्या तहसील कचेरीत आला. मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, फाइल वर गेलीय. सिस्टर बाकावर शांत बसायच्या. मी बाहेरच्या टपरीपर्यंत जाऊन यायचे, परत आत डोकवायचे.

एकदा मी विचारून टाकलं, "तुम्हाला माझा राग येत नाही का?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "रोज येतो. पण इथे एकटीने बसायचं म्हणजे फार होतं. तू आपली बस."

शेवटी शेठच्या सातबाऱ्यावर बोजा चढला. त्यांना बंगल्यांचे प्लॉट विकता येईनात, तेव्हा त्यांनी सिस्टरचे निम्मे पैसे भरले. उरलेल्यासाठी ते अपिलात गेलेत. मजुरांच्या कंत्राटदाराने थकलेल्या पैशांसाठी वेगळा दावा लावलाय. पोलिसांनी माझा जबाब दोनदा घेतला. मी साक्षीदार राहते की आरोपी होते, ते अजून कुणी सांगत नाही.

सध्या मी गावातल्या लहान घरांची कामं बघते. सिस्टरचा फोन येतो तो बहुतेक अपिलाच्या तारखेचाच. मागच्या आठवड्यात मात्र त्यांनी सांगितलं, नेरळला एक तयार घर आहे, दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. "भिंतींना ओल आहे का ते बघायला येशील?" मी लगेच स्कूटी काढली. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ओल होती. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग दुसरं बघू.