सही नसलेलं पत्र

शैलेशची बढाई अख्ख्या डहाणूला पाठ होती. १९९७ साली कचेरीत कॉम्प्युटर आला आणि क्लास करून आलेला हा एकुलता एक कारकून साहेबांना म्हणाला, "यादीतली नोंद बदलली की पत्र आपोआप निघेल. मधे माणसाचा हात लागायलाच नको." आणि झालंही तसंच. रेशनच्या यादीत कुणाच्या नावापुढे 'गेला' पडलं की नाव कमी व्हायचं, प्रिंटर करकरायचा आणि पत्र पोस्टात जायचं. खाली छापलेलं असायचं, 'संगणकाचे पत्र, सहीची गरज नाही.' त्या ओळीवर तर स्वारी भलतीच खूश.

रकान्यात 'मयत' लिहायला जिवावर येतं, म्हणून 'गेला' हा शब्दही त्यानेच ठेवलेला. शैलेशच्या घरी माणूस गेला म्हणजे गेलाच. गंजाडच्या पाड्यावर मात्र दिवाळीनंतर निम्मे बाप्ये गेलेले असतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून. पाहणीला आलेल्या माणसाने रखमीला बोटीवर गेलेल्या नवऱ्याचं, लहान्याचं विचारलं. ती म्हणाली, "गेला." त्याने तेच लिहिलं, कचेरीत तेच टाइप झालं, पुढचं शैलेशच्या हुशारीने केलं.

पत्र शाळेच्या मास्तरांनी अंगणात वाचून दाखवलं. लहान्या मयत झाल्याने नाव कमी केले आहे. बोटीवरची माणसं बुडतात, त्यात सरकारचा कागद, संशय कोण घेणार? रखमीने बांगड्या वाढवल्या. दिवसकार्य झालं.

होळीला लहान्या सुक्या मासळीची पिशवी घेऊन चालत घरी आला. त्याच्या म्हाताऱ्या आईने भूत समजून त्याला दगड मारला. कचेरीत हे कळलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. शैलेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने नोंद बदलून 'आहे' केली. प्रिंटर गप्प. गेलेला परत आला तर काय करायचं, हे त्याने मशीनला शिकवलंच नव्हतं. मग तो स्वतःच गंजाडला गेला. लहान्या ओट्यावर बसला होता, कपाळावर खोक. रखमीचे हात मोकळेच होते. शैलेशला तिकडे बघवेना.

"चूक माझी आहे, रखमीताई," तो म्हणाला.

"दुकानवाला धान्य देत नाय. जिता असल्याचा कागद दे."

त्याने तिथेच बसून हाताने कागद लिहिला. खाली सही केली. पाडा गोळा झाला होता.

"वाच," रखमी म्हणाली.

त्याने वाचलं. लहान्या जिवंत आहे, आधीचे पत्र चुकीने गेले.

"त्या कागदावर कोनाचा नाव नव्हता. यावर हाय का?"

"आहे." त्याने मान खाली घालून स्वतःचं नाव पुटपुटलं.

"मोठ्याने," रखमी म्हणाली. "तो कागद मास्तरने मोठ्याने वाचला होता."