नखाएवढी जागा

कोणीही नवीन आराखडा घेऊन आला की मॅडम आधी स्वतःच्या अंगठ्याचं नख त्याच्यासमोर धरायच्या. "एवढी जागा आहे. यात सगळं बसवायचंय. आता बोल." मगच समोरच्याला खुर्ची मिळायची. खरं तर आमची चिप नखापेक्षा पुष्कळ लहान होती, पण तसं त्यांना सांगायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

मी पुण्याहून हैदराबादला आलो तेव्हा आमची कंपनी एकच वस्तू करत होती, कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातल्या यंत्राची चिप. आमच्या चौदा जणांच्या गटाच्या प्रमुख म्हणजे या मॅडम. त्यांच्या आजोबांनी नांदेडकडची शेती सोडून इथे नोकरी धरली, तेव्हापासून घर काचीगुड्यात. चहावाल्याशी तेलुगू, दारावरच्या रखवालदाराशी दखनी आणि माझ्याशी मराठी बोलायच्या. तीही अशी की पहिल्या आठवड्यात मी "काय करायलास?" ऐकून दचकायचो, आपलं काही चुकलं की काय म्हणून. "नक्को" हा शब्द मात्र तिन्ही भाषांत सारखाच. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा नकार ऐकून साहेब लोकही कागद गुंडाळून परत जातात.

मग भावयुद्ध सुरू झालं. शहराच्या आमच्याच भागात कार्यालय असलेल्या एका बड्या कंपनीनं तशाच चिपचा भाव एकदम खाली आणला. आम्ही उतरवला, त्यांनी पुन्हा उतरवला. दर सोमवारी सकाळी विक्रीप्रमुखांचा चेहरा बघून आम्हाला नवा भाव कळायचा. आता आणखी उतरायचं तर चिप लहान करणं भाग होतं. सिलिकॉनच्या एका तबकडीतून जितक्या जास्त चिपा निघतील, तितकी एकेक स्वस्त पडते.

विक्रीप्रमुखांनी उपाय शोधूनच आणला होता. आमच्या चिपमध्ये एक भाग असा होता की अचानक मोठा आवाज झाला, फटाका म्हणा, हॉर्न म्हणा, तर तो कानापर्यंत पोचायच्या आत दाबायचा. समोरच्या त्या बड्या कंपनीच्या चिपमध्ये तो नव्हता, आणि तरी ती खपत होती. तो काढा, असं त्यांचं म्हणणं. दुकानात यंत्र लावून बघणाऱ्याला फरक कळणारही नव्हता.

मॅडम नक्को म्हणाल्या. विक्रीप्रमुखांनी शांतपणे सांगितलं, की महिन्याभरात चिप लहान झाली नाही तर हा गटच बंद होईल, हे वरून ठरलेलं आहे.

त्या दिवशी मी मॅडमवर मनापासून चिडलो. माझं नुकतंच लग्न झालं होतं, बायको पुण्यातली नोकरी सोडून इथे आली होती. जेवणाच्या सुट्टीत मॅडम भाकरी आणि अंबाड्याची भाजी घेऊन बसल्या होत्या, तिथे जाऊन मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या एका हट्टापायी चौदा घरांचं काय होईल, याचा विचार केलाय का?"

त्यांनी घास खाली ठेवला. "हौ, केलाय. तू चौदाच मोजलास. ज्यांच्या कानात हे जाणार ते नाही मोजलेस."

आणि मग, जणू काही झालंच नाही अशा सुरात, शनिवारी हिमायतनगरला येशील का, म्हणून विचारलं.

शहरातल्याच हिमायतनगर भागात त्यांच्या ओळखीचं कानाच्या यंत्रांचं छोटंसं दुकान होतं. सकाळपासून आम्ही तिथल्या बाकावर बसून होतो. मॅडम येणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारत होत्या, यंत्र कधी घालता, कधी काढता. एक निवृत्त बसचालक आले. यंत्र खिशात होतं, समोरच्याच कंपनीची चिप असलेलं. का नाही लावत, असं मॅडमनी विचारलं, तेही मोठ्यानं आणि दोनदा.

ते जरा ओशाळून म्हणाले, "सड़क पे हॉर्न बजा तो सर फट जाता मॅडम. इसलिए जेब में रखतूँ."

मॅडमनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. दुकानदाराला त्या दुसरंच काहीतरी विचारत होत्या. यंत्रात घरासाठी, बाजारासाठी, गाण्यासाठी अशा सहा आवाज-योजना असतात, त्या लोक बदलतात का? दुकानदार हसला. पंधरा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गिऱ्हाइकं सापडतील म्हणाला. बाकीचे पहिल्या दिवशी तो जी लावून देतो तिच्यावरच चालतात.

मॅडम लगेच उठल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "चार योजना काढू. किती जागा भरून बसल्यात त्या."

सोमवारपासून आम्ही कामाला लागलो. चार योजना आणि त्या साठवायला लागणारी स्मृती काढल्यावर चिप मागितली होती त्याहूनही लहान झाली. आवाज दाबणारा भाग जागच्या जागी राहिला. माहितीपत्रकातला सहाचा आकडा दोनवर आला म्हणून विक्रीप्रमुख आठवडाभर हळहळत होते, पण भाव ऐकून गिऱ्हाइकांनी आकडा विचारलाच नाही. गट वाचला. मी मॅडमची माफी मागायला गेलो, तर त्यांनी मला नवा आराखडा देऊन पिटाळलं.

दोन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला आणि समोरच्या कंपनीत गेल्या. आमच्यातल्या काही जणांना ते इतकं लागलं की निरोपाच्या चहालाही आले नाहीत. मलाही लागलं होतं. खालच्या मजल्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, तिकडेच का?

"इथलं तुम्हाला येतंय आता," त्या म्हणाल्या. "आणि तिकडचं यंत्र पण माणसाच्याच कानात जातं ना रे." रिक्षा आली, आणि त्या भाडं ठरवायला तेलुगूत शिरल्या.

त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो. गेल्या महिन्यात समोरच्यांची नवी चिप बाजारात आली. प्रतिस्पर्ध्याची चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, हा या धंद्यातला रिवाज. मीही डोळा लावला. एका कोपऱ्यात, आवाज आत येतो त्या जागेला अगदी लागून, मोठा आवाज दाबणारा भाग होता. नीट, ऐसपैस, कुठेही काटकसर न करता बसवलेला.

मागे विक्रीप्रमुख उभे होते. समोरच्यांनी भावही कमी लावलाय, म्हणाले, आता आपल्याला अजून खाली यावं लागणार.

"येऊ की," मी म्हणालो, आणि त्यांनाही बघता यावं म्हणून खुर्ची बाजूला सरकवली.