आजोबांचा चष्मा आणि आमचे अण्णा गुरुजी

अण्णा गेले. मी रडले नाही.

कालपासून गावाच्या ग्रुपवर नुसते हात जोडलेले फोटो. चौकात बॅनर लागलाय, "पिढ्यांना दृष्टी देणारे गुरुजी".

लावा बॅनर.

मी त्यांची सख्खी पुतणी. मला काय दिलं ते मी लिहिते. चुका काढू नका, चौथीतच शाळा सुटली माझी. का सुटली तेच सांगायचंय.

एक्क्याण्णव साल असेल. नगरच्या कर्जतजवळचं आमचं गाव. दादा, म्हणजे माझे वडील, कारखान्यावर कामाला, घरात शब्द चालायचा तो अण्णांचा. थोरले चुलते, आणि शाळेत गुरुजीपण तेच.

मला फळ्यावरचं दिसायचं नाही. पांढरं काहीतरी वळवळायचं, बस.

शाळेत तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी माझे डोळे बघितले, चिठ्ठी लिहिली आणि अण्णांच्या हातात दिली. चष्मा लागलाय म्हणाले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "भावजी, पोरीला नगरला न्यावं लागंल."

अण्णा म्हणाले, "कशाला? घरात चष्मा आहे की."

आणि कोनाड्यातून आजोबांचा चष्मा काढला.

आजोबा वारून वर्ष झालं होतं. मोतीबिंदूच्या शिबिरात मिळालेला चष्मा तो. तेव्हा ऑपरेशन केलं की असला द्यायचे. काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. कानाला बसेना म्हणून अण्णांनी मागं सुतळी बांधली.

आता मी नगरला चष्म्याच्या दुकानात बसते, म्हणून सांगते. नीट वाचा.

प्लसची काच वेगळी, मायनसची वेगळी. आजोबांची होती प्लस दहा. मला लांबचं दिसत नव्हतं, मला पाहिजे होती मायनस अडीच. म्हणजे तहानलेल्याला रॉकेल पाजायचं.

एवढं कळायला शाळा लागत नाही. आणि हे तर शाळेतलेच.

तो चष्मा लावला की पाण्यात डोकं बुडवून बघितल्यासारखं व्हायचं. जमीन पायाखाली हलायची. एकदा हापश्याच्या दांड्यावर आपटले. भुवईवर तीन टाके. खूण अजून आहे, ग्रुपवरच्या माझ्या फोटोत बघा.

वर्गात अण्णा म्हणायचे, "वाच."

"दिसत न्हाई, गुरुजी."

"चष्मा घालूनही दिसत नाही? मग बिघाड डोळ्यात नाही, डोक्यात आहे."

अख्खा वर्ग हसायचा.

सहा महिने. रोज.

मग घरी येऊन दादांना सांगितलं, "चष्मा देऊन बघितला, पोरगी मठ्ठ आहे. शेळ्यांमागं धाडा."

चष्मा दिला होता ना. मग मठ्ठच. कोण काय बोलणार?

आई एकटी म्हणाली, "ती मठ्ठ न्हाई." तिचं कोणी ऐकलं नाही.

सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नगरला दुकानात काचा घासायचा. लग्नाला आठ दिवस झाले तेव्हा म्हणाला, "अगं, तू माझ्याकडं बघताना डोळे बारीक का करतीस? भांडायचंय का?"

दुकानात नेलं. नंबर तपासायची ती लोखंडी फ्रेम डोळ्यावर ठेवली आणि एकेक काच बदलत गेला. "आता? बरं, आता?"

आणि समोर स्टँडवर उभ्या एसटीची पाटी मी वाचली. एकेक अक्षर जुळवत.

कर्जत.

लोक म्हणतात अशा वेळी रडू येतं. मला राग आला. एवढा राग की फ्रेम काढायला विसरून तशीच रस्त्यावर गेले.

मग धंदा शिकले. आज माझ्याकडं गॉगल घ्यायला येणारे आधी आरशात तोंड बघतात. मी म्हणते, तोंड मग बघ, आधी बाहेर उन्हात जाऊन रस्ता बघून ये. काच डोळ्यासाठी असती, शेजाऱ्यासाठी नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी अण्णा दुकानात आले. "पेपर वाचता येत नाही गं. घरचं दुकान आहे, चांगली काच टाक."

मी म्हटलं, "बसा."

आणि ड्रॉवरमधून आजोबांचा चष्मा काढला. सुतळीसकट. आईनं डब्यात जपून ठेवला होता. जायच्या आधी मला दिला, म्हणाली, "ठेव. लागंल कधीतरी."

लागला. अण्णांच्या डोळ्यावर चढवला.

"काय दिसतंय?"

"काही नाही. काढ हे, चक्कर येते."

"दोन मिनिटं ठेवा. मी सहा महिने ठेवला होता."

अण्णांनी चष्मा उतरवला.

"डॉक्टरच्या चिठ्ठीवर नंबर लिहिलेला हुता का न्हाई?"

मग म्हणाले, "लिहिलेला होता."

"वाचला हुता?"

"वाचला होता. वाटलं, पोरीच्या जातीला कशाला खर्च."

त्यांचा नंबर काढला. चष्मा करून दिला, पाव नंबर इकडं-तिकडं नाही. माझ्या हातून चुकीची काच जात नाही, दुश्मनालापण नाही.

माफी त्यांनी मागितली नाही. मी दिलीपण नसती.

काल मयताला गेले. अंघोळ घालायची तयारी चालली होती. अण्णांच्या डोळ्यावर माझ्याच हातचा चष्मा.

आणि काकू म्हणाल्या, "त्यो चष्मा काढून ठेवा गं. चांगला हाय. परीला फळ्यावरचं दिसत न्हाई म्हणत्यात, तिला हुईल."

परी म्हणजे अण्णांची नात. तिसरीत आहे.

मी पुढं झाले, चष्मा काढला आणि टाचेखाली घेतला. फ्रेमचे दोन तुकडे. काच फायबरची, फुटत नाही. मग ती ओट्याच्या दगडावर घासली. दोन्ही काचा. पार पांढऱ्या होईपर्यंत.

"येड लागलं का तुला? मयताच्या दारात?"

"व्हय काकू, लागलंय."

परी कोपऱ्यात उभी होती, डोळे बारीक करून माझ्याकडं बघत. मी तिच्या आईला सगळ्यांसमोर सांगितलं, "दहाव्याच्या आधी हिला दुकानात आण. न्हाई आणलीस तर मी शाळेतून उचलून नेईन."

अण्णा, तुमच्या घरातली एक पोरगी तुम्ही आंधळी ठेवली. दुसरी मी ठेवू देणार नाही.

माझ्याकडून श्रद्धांजली एवढीच.

जावा आता.