आवाजाची फाइल

"मशीनले दोष देऊ नका, सर," असं तो आधी म्हणायचा आणि मगच स्क्रू खोलायचा. तुमच्याही गावात असा एखादा दुरुस्तीवाला असेल, आठवून पाहा.

त्याचं दुकान खामगावात, बाजारामागच्या बोळात. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. निवृत्त झालो तोवर काचबिंदूनं नजर जवळजवळ गेली होती. घरात मुलीचा एक जुना, छोटा लॅपटॉप पडून होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. त्यानं मला पेपर वाचून दाखवावा, एवढीच माझी इच्छा. पण तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा.

"विंडोज काढून लिनक्स टाकून देतो. हलकं असते. मराठी वाचूनबी दाखवते," तो म्हणाला.

पण मशीन लिनक्स भरलेला पेनड्राइव्हच ओळखेना. प्रोसेसर चौसष्ट बिटांचा, आणि त्याला जागं करणारं फर्मवेअर बत्तीस बिटांचं, दोघांचं जुळेना. त्यानं ते कसंबसं जमवलं. स्क्रीन आली, वायफाय आलं. आवाज मात्र येईना. आवाजाच्या चिपला सुरू होताना एक लहानशी फाइल लागते, आणि या मशीनला चालेल अशी फाइल कुठंच सापडेना.

"जाऊ दे, दुसरं घेतो," मी म्हणालो.

"काऊन? चिप चांगली आहे सर. तिले काय करायचं ते सांगणारं कोणी नाही राह्यलं, बस."

चार महिने तो दर शनिवारी घरी आला. चहा घेत नसे, गरम पाणी मागायचा. "पोट जरा बरं नाही," म्हणायचा. मी तिखट कमी खा म्हणायचो आणि विषय सोडून द्यायचो. इंटरनेटवर सापडलेल्या परदेशातल्या एका अनोळखी माणसाकडे असंच मशीन होतं. माझ्या ईमेलवरून तो त्याला लिहायचा. स्पेलिंगं मी सांगायचो.

एका शनिवारी दोघांनी मिळून जुळवलेली फाइल त्यानं टाकली, खरखर झाली आणि मशीन बोललं. मला रडू आवरेना. तो म्हणाला, "आवाज नाकातून येते जरा. पण चालन."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. नंतर त्याच्या बायकोचा फोन आला. लिव्हर पार खराब झालं होतं, अकोल्याला भरती केलं होतं.

"सर, पोटाचं तुमाले बोलले होते का ते? मले तं कधीच नाही सांगितलं."

"हो," मी म्हणालो. "तिखट कमी खा, एवढंच म्हटलं मी."

पंधरा दिवसांत तो गेला.

नंतर परदेशातल्या त्या माणसाचं ईमेलवर पत्र आलं. मशीननंच ते वाचलं. आवाज नीट येतो का, आणि तुमचा मित्र इतके दिवस गप्प का, असं त्या माणसानं विचारलं होतं.

मी चाचपडत उत्तर लिहिलं. आवाज येतो. तो ज्यानं आणला, तो आता नाही. पाठवण्याआधी मशीनला वाचायला लावलं. दुसरं वाक्य मी पुन्हा एकदा ऐकलं. त्यात चूक नव्हती.