रिकामा झोका

दर रविवारी चार वाजता आमच्या बागेत सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांना भेटायला येते. आई तिला सोडून फाटकाशीच थांबते. भेटीच्या दोन तासांत मुलीनं काय करायचं, यावरून दोघांचं कोर्टापर्यंत गेलंय म्हणे.

परवा वडील म्हणाले, "चल, झोका घेऊ."

"झोका नाही हं!" फाटकातून आई ओरडली. "चित्रांची वही दिलीय ना?"

"माझ्या वेळात तुझ्या वह्या नकोत," म्हणत वडील तिकडे भांडायलाच गेले.

माणूस वाटून घेता येत नाही, म्हणून त्याचे तास वाटून घेतात. पण त्या तासांत ते मूल असतं तरी कुठं?

मी तिच्या शेजारीच बाकावर होते. म्हटलं, "जा की बाळ, कुणी बघत नाहीये." तिनं नुसती मान हलवली आणि डोळे मिटले.

समोरचा रिकामा झोका हलत होता. झाडाचं पानही हलत नव्हतं. झोका पुढे आला की बाकावरून लोंबणारे तिचे पाय पुढे येत, मागे गेला की मागे जात.

वडील परतले. "काय केलंस गं तेवढ्यात?"

"काही नाही," म्हणत तिनं पाय जमिनीला टेकवले.

समोर झोका जागच्या जागी थांबला.