पडदे नीट सरकतात ना?

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या कौन्सिल इलेक्शनला उभी राहिले, तेव्हा पोस्टर लावू द्याल का, असं विचारायला मी एका पडद्यांच्या दुकानात शिरले. शुक्रवारची दुपार होती. दुकानाचे मालक, एक ज्यू म्हातारेबाबा, सूर्यास्ताला शबाथ, म्हणजे त्यांचा सुट्टीचा पवित्र दिवस, सुरू व्हायच्या आत दुकान बंद करायच्या गडबडीत होते. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. तरी त्यांनी पोस्टरच्या कडेवरून अंगठा फिरवला, काच टेपने मोजली आणि ते बरोब्बर मधोमध लावलं.

"बाहेरची म्हणून लोक दार लावून घेतात हो," मी कुरकुरले.

त्यांनी टाचण्या काढल्या. "माझे आजोबा पोलंडहून आले. त्यांचं इंग्लिश तुमच्याहून वाईट. पण इथल्या घराघरांत पडदे त्यांनीच लावलेले. मतं मागायला गेले की आधी विचारायचे, 'पडदे नीट सरकतात ना?' तीनदा निवडून आले. तुम्ही काय करता?"

"शाळेच्या रिसेप्शनवर असते."

"मग झालं की!"

पुढच्याच घरी एक गृहस्थ मला बघून दार लावायला लागले. त्यांची लेक आमच्याच शाळेतली. मी घाईघाईने विचारलं, "ती आता चष्मा घालते, की अजून दप्तरातच ठेवते?"

ते खो खो हसले. दार सताड उघडलं. चहा झाला, लेकीबद्दलच्या तक्रारी झाल्या.

प्रचाराचं पत्रक द्यायचं मात्र मी साफ विसरले.